काकूंनी न झाडलेलं जंगल

जंगल झाडणारी बाई कधी पाहिली आहे? अंगण नव्हे, गल्ली नव्हे, जंगल. मोठमोठ्या झाडांचं, घुबडांचं, खारींचं खरंखुरं जंगल. गार्डकाकांच्या घरच्या काकू ते झाडायच्या. लग्न होऊन क्वार्टरमध्ये आल्या तेव्हापासून पार गुडघ्यांनी हात टेकेपर्यंत.

लग्नाआधी काकू हॉस्पिटलात आया होत्या. तिथल्या मोठ्या सिस्टर फरशीवरून बोट फिरवून बघायच्या, आणि त्या बोटाची धास्ती काकूंच्या मनातून काही केल्या गेली नाही. भांडी लख्ख, नळाची तोटी लख्ख, दाराची कडी लख्ख. तोंडात सतत तोच शब्द, म्हणून सगळी वसाहत त्यांना लख्खकाकू म्हणायची. तोंडावर म्हणायची, आणि काकूंना ते आवडायचंही. त्यांच्याकडे चहाला गेलं की कप हातात घट्ट धरून बसावं लागे. शेवटचा घोट घशाखाली उतरायच्या आत कप मोरीत जाऊन धुऊन पालथासुद्धा पडलेला असायचा.

काका वनखात्यात गार्ड. लाकूड चोरणाऱ्यांवर ओरडायला लागले की समोरच्याची पाचावर धारण बसायची. घरात मात्र गरीब गाय. बूट उंबऱ्याबाहेर, पट्टा खुंटीला, टोपी खिळ्याला, आणि हातपाय धुतल्याशिवाय खाटेला हात लावायचा नाही. एवढा मोठा माणूस, पण ओल्या पायांनी स्वयंपाकघरात गेलाच तर आल्या पावली मागे फिरायचा आणि स्वतःचे ठसे स्वतः पुसायचा. कुणी हसलं तर म्हणायचे, अरे बाबा, संसार आहे, गंमत नाही.

क्वार्टर दोन खोल्यांचं. मागे चढ, आणि चढापलीकडे जुनं जंगल. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याचे फक्त शेंडे दिसायचे. बाकी सगळ्या टेकडीवर खात्याने लावलेली सरळसोट झाडं होती, सगळी एका जातीची, एका उंचीची, प्रार्थनेला उभ्या केलेल्या मुलांसारखी. तिथे ना घरटं, ना सावली धड. वसाहतीला पाणी देणारा झरा यायचा तो जुन्या तुकड्यातून. पाखरं होती ती तिथेच. उन्हाळ्यात वारा जरा गार लागायचा तोही तिकडूनच. तुकडा तसा लहान, एका दमात फेरी मारून होईल एवढाच, पण काकांचा सगळा जीव त्यात.

म्हणूनच लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी नव्या नवरीला हौसेने चढापलीकडे नेलं. एवढाली खोडं, वर पानांचं छप्पर, त्यातून खाली झिरपणारं ऊन. काकांना वाटलं, आता ही हरखून जाणार. काकूंनी एकदा वर बघितलं, एकदा खाली बघितलं. खाली घोटाभर पाचोळा.

"हे सगळं आवरतं कोण?" त्यांनी विचारलं.

कुणीच नाही, असं काका सांगून बसले. एवढं एक वाक्य त्यांनी गिळलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण नव्या नवऱ्याला एवढी अक्कल कुठली!

दुसऱ्या दिवसापासून काकूंनी खराटा हातात घेतला. आज हा कोपरा, उद्या तो. शेवटच्या कोपऱ्याला पोचेपर्यंत पहिल्यात पुन्हा पानं पडलेली असायची, की परत सुरुवात. ढीग करायचे, टोपलीत भरायचे, कडेच्या खड्ड्यात नेऊन जाळायचे. मध्येच काही हिरवं उगवलेलं दिसलं तर गवत माजलं म्हणून मुळासकट उपटायचं. काही वर्षांत तिथली जमीन अशी झाली की सुई पडली तर सापडावी.

आणि लोक काय म्हणाले? वा, वा! मोठे साहेब पाहुण्यांना मुद्दाम तिथे घेऊन यायचे. पाहुणे फोटो काढायचे, बागेसारखं ठेवलंय हो, म्हणायचे. एका साहेबांनी तर सगळ्या गार्डना बोलावून सांगितलं की जंगल कसं राखावं ते या बाईंकडून शिका. अहो, त्यातल्या एखाद्याने तरी खाली वाकून बघायचं होतं! ज्यांना चार गोष्टी ठाऊक असायला हव्या होत्या तेच कौतुकात गुंग, मग काकूंना दोष कोणत्या तोंडाने द्यायचा?

तिकडे गेली काही वर्षं ऑफिसात दुसरीच कुजबुज चालली होती. जुना तुकडा म्हातारा झालाय. वादळात एखादं झाड पडतं, पण त्याच्या जागी नवं काही येत नाही. त्या सगळ्या म्हाताऱ्यांत एक पोर नाही. मग कशाला ठेवायचं? तोडून टाकावं आणि तिथेही सरळ रांगा लावाव्यात. काकांनी हे घरी सांगितलं त्या दिवशी काकूंना जेवण गेलं नाही. बाईने त्या जंगलाला जीव लावला होता, यात शंका नको. आपल्या परीने लावला होता, इतकंच. त्यांनी डोळे पुसले आणि त्यांना सुचला तो उपाय केला. साहेबलोकांच्या मनात भरेल असं ते ठेवायचं ठरवलं, आणि दुप्पट जोमाने झाडायला लागल्या.

मग गुडघे गेले. आधी एक, मग दुसरा. दोन्हींची ऑपरेशनं व्हायची होती, एक झाल्यावर काही महिन्यांनी दुसरं, आणि मधल्या काळात चढउतार बंद, वाकणं बंद. शहरातून लेक लांबलचक रजा काढून आली. डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं आणि काही विचारायचंय का म्हणाले, तर काकूंनी विचारलं, "जंगलाचं काय?" डॉक्टर बिचारे लेकीच्या तोंडाकडे बघत राहिले.

जंगलाचं मी बघतो, असं काका म्हणाले. म्हणणं भागच होतं. पहिल्या दिवशी खराटा खांद्यावर टाकून ते चढापलीकडे गेलेसुद्धा. दहा-बारा हात मारले असतील नसतील, कंबर बोलायला लागली. एका खोडाला टेकून बसले. वरून पानं पडत होती, सावकाश, एकेक. इतक्या वर्षांत या जंगलात आपण फिरलो, धावलो, चोरांच्या मागे लागलो, पण नुसते बसलो कधीच नाही, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. बसूनच राहिले. घरी आल्यावर काकूंनी विचारलं, झालं का? झालं, म्हणाले.

थाप मारणं पहिल्यांदाच अवघड असतं. पुढे पुढे काका असे काही तयार झाले की विचारू नका. काकूंना तपशील लागायचा, मग हे तपशील पुरवायचे. आज झऱ्याकडची बाजू घेतली. दगडांच्या फटीत फार अडकलं होतं, बोटांनी काढलं. ढीग जरा ओला होता, पेटायला वेळ लागला. काकू पलंगावर पाय लांब करून समाधानाने ऐकायच्या, मध्येच एखादी सूचना करायच्या, आणि काका मान डोलवायचे. लेकीने त्यांना पकडलं, तेही लवकरच. एका संध्याकाळी मोरीपाशी गाठून म्हणाली, बाबा, खराट्याच्या काड्या आहेत तेवढ्याच लांब आहेत, जरा दगडावर घासत चला. काकांनी कान पकडले. लेकीला हसू आवरेना. त्या दिवसापासून खराटा रोज दगडावर घासला जाऊ लागला आणि घरातल्या लबाडांची संख्या एकाने वाढली.

अशी पानगळ गेली. पाचोळ्याचा थर चढत गेला. पाऊस पडला, थर दबला, खालून काळा पडला, भुसभुशीत झाला. त्यावर अळंबी आली, गोगलगायी आल्या. पूर्वी पाऊस झाला की त्या कडक जमिनीवरून लाल पाणी धो धो वाहत खाली यायचं आणि झरा गढूळ व्हायचा. या वर्षी पाणी वाहताना दिसेचना. पडायचं आणि कुठेतरी मुरून जायचं. काकांना नवल वाटायचं, पण त्यांनी फार खोलात जाऊन विचार केला नाही. त्यांना फक्त एवढं कळत होतं की आपल्याला इथे बसायला आवडतं.

आणि मग एक दिवस बसल्या जागेवरून त्यांना समोर एक रोप दिसलं. बोटभर उंच, दोन पानं, तांबूस कोवळी. गवत असेल म्हणून सोडून दिलं. शेजारी आणखी एक होतं. पलीकडे तीन. काकांनी पान नीट बघितलं, मग मान वर करून ज्या झाडाला टेकले होते त्याचं पान बघितलं. तेच पान! तशाच शिरा, कडेला तीच नक्षी. ते गुडघ्यांवर बसून पाचोळ्यात शोधत सुटले, आणि जिकडे हात घालतील तिकडे पोरं. या झाडाची, त्या झाडाची, झऱ्याकाठच्या त्या वाकड्याची. जंगल म्हातारं झालं म्हणत होते ना? हे घ्या!

आनंदाने त्यांना नाचावंसं वाटलं, आणि तेवढ्यातच दुसरी गोष्ट लक्षात आली. म्हणजे बी दरवर्षीच पडत होतं. दरवर्षी उगवूही बघत होतं. आणि दरवर्षी खराट्याखाली, नाहीतर टोपलीतून खड्ड्यात जात होतं. जे वाचावं म्हणून त्या बाईने ऊन म्हटलं नाही, कंबर म्हटली नाही, तेच तिच्या हाताने संपत आलं होतं. आता हे तिला सांगायचं कसं? काका घरी आले, आणि काकूंनी विचारल्यावर म्हणाले, आज वरची बाजू झाडली. लेकीला त्यांनी खरं सांगितलं. लेक हसली नाही. म्हणाली, बाबा, आईला तुम्हालाच सांगावं लागेल. सांगतो, म्हणाले. आज सांगतो, उद्या सांगतो करत थंडी संपली. दुसरा गुडघा झाला, काकू काठी घेऊन घरात फिरायला लागल्या, लेक शहरात परत गेली, तरी काकांच्या तोंडून काही ते निघेना.

मग ऑफिसातून निरोप आला. नव्या मॅडम जुना तुकडा बघायला येणार. बघून लगेच ठरवणार, तोडायचा की ठेवायचा.

काका तो निरोप पोटातच ठेवणार होते, पण शेजारच्या ड्रायव्हरच्या बायकोने तो खिडकीतूनच काकूंच्या कानावर घातला. झालं! काकूंना दहा हत्तींचं बळ आलं. मॅडम येणार आणि जंगल काकांच्या हातचं झाडलेलं? पुरुषांच्या हातचं झाडणं त्यांना चांगलं ठाऊक होतं, कोपरे म्हणून कधी निघत नाहीत. मी स्वतः येणार, एक हात फिरवणार, म्हणाल्या. काकांनी डॉक्टरांची शपथ घातली, चढाची भीती घातली, पाऊस येईल असंही सांगून बघितलं. आभाळात ढगाचा पत्ता नव्हता.

मॅडम येण्याच्या आदल्या दिवशी दुपारी काका ऑफिसातून आले तर घर रिकामं. काठी नाही. खराटा नाही. काका बूट घालून घरातून धावत मागच्या दाराने बाहेर पडले, लख्ख फरशीवरून, बुटांसकट, आणि त्यांना त्याचं भानही नव्हतं.

काकू तुकड्याच्या तोंडाशीच होत्या. एका हाताने काठीवर भार टाकून दुसऱ्या हाताने खराटा ओढत होत्या. चांगला मोठा पट्टा स्वच्छ झाला होता आणि कडेला ढीग लागला होता. घामाने चेहरा निथळत होता. काकांना बघून त्या थांबल्या.

"रोज काय सांगत होता तुम्ही मला?" आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

काकांची ततपप झाली. एकदाही धड झाडलं नाही, एवढं कसंबसं म्हणाले. उद्या मॅडम येणार, हे तोडणार, आणि तुम्ही मला पलंगावर पाडून गोष्टी सांगत होता, असं त्या नुसत्या नजरेने म्हणाल्या, आणि पुन्हा खराटा उचलला.

मग मात्र काकांनी तिचा हात धरला. आयुष्यात पहिल्यांदा कामाच्या मध्ये धरला. तिला तिथेच उभं ठेवून ते ढिगाशी गेले, खाली बसले आणि पाचोळा उपसायला लागले. सापडलं एक. मग दुसरं. मूठभर झाली तशी उठून तिच्यापाशी आले आणि हात उघडला. तळहातावर ती बोटभर रोपं, मुळांना ओली माती, पानं अजून ताठ. दुसऱ्या हाताने डोक्यावरची फांदी खाली ओढून तिचं पान त्यांनी शेजारी धरलं.

काकू त्या पानांकडे बघत राहिल्या. मग पुढे, न झाडलेल्या भागाकडे. आता त्यांना ती दिसायला लागली, पाचोळ्यातून डोकं काढून उभी असलेली, जागोजाग.

"म्हणजे इतकी वर्षं..." एवढंच म्हणाल्या.

तुला कुणी सांगितलं नव्हतं गं, असं काका म्हणत राहिले. मलाही कळलं नव्हतं, साहेबांनाही कळलं नव्हतं. त्यांना वाटत होतं ती आता कोसळेल. काकूंनी काठी टाकली, झाडाच्या खोडाला धरलं आणि डॉक्टरांनी अजिबात करू नका म्हणून सांगितलेली गोष्ट केली. खाली बसल्या. गुडघा वाकेना तेव्हा पाय लांब करून बसल्या. काकांच्या हातातली रोपं घेतली, मातीत बोटाने भोक केलं आणि एकेक लावायला सुरुवात केली. ढिगातला पाचोळा ओंजळीने आणून त्यांच्याभोवती पसरला. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ते त्या पुसत नव्हत्या, कारण हात मातीचे होते. काकाही शेजारी बसले. झाडलेला पट्टा पुन्हा झाकून होईपर्यंत दोघं तिथेच होती.

घरी आल्यावर काकू जेवण वाढून भिंतीकडे तोंड करून झोपल्या. आता उद्या मॅडमना काय सांगायचं, हा घोर काकांना लागला. पाचोळा साचलेला बघून मॅडम विचारणारच. लख्खकाकूंचं नाव खात्यात सगळ्यांना माहीत. तिच्या नावाला बट्टा नको, आपणच सगळं अंगावर घ्यायचं, असं ठरवून ते झोपले.

मॅडम सकाळी आल्या. वयाने लेकीएवढ्या असतील. काकू काठी टेकत बरोबर निघाल्या, त्यांना नको म्हणायची काकांची छाती झाली नाही. तुकड्याच्या तोंडाशी मॅडम थांबल्या आणि इकडेतिकडे बघून म्हणाल्या, हा भाग आरशासारखा ठेवलेला असतो असं ऐकलं होतं.

काकांनी घसा साफ केला. माझा आळस, मॅडम, घरात आजारपण होतं, असं ते सुरू करणार तोच काकूंनी त्यांना हाताने मागे सारलं आणि स्वतः पुढे झाल्या.

"तुमच्या ऑफिसात म्हणतात, हे म्हातारं झालंय, याला आता काही होत नाही. तसं नाही, मॅडम. याला दरवर्षी होत होतं. मी झाडून टाकत होते. माझ्या हाताने, रोज. गुडघ्यामुळे थांबले, म्हणून ही वाचली." आणि काठीने खाली दाखवलं. "जपून या. सगळीकडे आहेत."

ज्या नावावर ही बाई आयुष्यभर ताठ मानेने चालली ते तिने एका दमात टाकून दिलं होतं, आणि मान तशीच ताठ होती. इतकी सुंदर ती काकांना कधीच दिसली नव्हती, अगदी लग्नातसुद्धा नाही.

मॅडम खाली बसल्या. बोटाने पाचोळा बाजूला केला, खालची काळी ओली माती चिमटीत घेऊन बघितली, रोपाचं पान बघितलं, वर बघितलं. मग उठून आत गेल्या, पाऊल कुठे टाकायचं ते शोधत शोधत, आणि झऱ्यापर्यंत जाऊन आल्या. झरा या दिवसांत एवढा असतो का, असं त्यांनी विचारलं. काका म्हणाले, नसतो, या दिवसांत आटायला लागलेला असतो. मॅडमनी मान हलवली. हे तोडायच्या कागदावर मी सही करणार नाही, म्हणाल्या. मग काकूंकडे वळून जरा अवघडूनच बोलल्या, की आमच्याच साहेबांनी तर तुमचं कौतुक केलं होतं, गार्डना तुमच्याकडून शिका म्हणून सांगितलं होतं.

"सांगितलं होतं," काकू म्हणाल्या. "त्यांना निरोप द्या, चुकलं होतं म्हणावं. माझंही आणि त्यांचंही."

मॅडमना हसू आलं. मग त्यांनी विचारलं, की यापुढे इथे कुणी येऊन झाडणार नाही, हे कोण बघणार?

"कोण येणार झाडायला?" काकू म्हणाल्या. "मी एकटीच तर होते."